दोन सेंटिमीटरचे अध्यक्ष

आमच्या सोसायटीचे अध्यक्ष दोन सेंटिमीटर उंचीचे आहेत. बुटांसकट. हे आधीच सांगून टाकते, कारण नंतर सांगितलं की ऐकणारे 'अगंबाई' करत बसतात आणि मूळ मुद्दा बाजूला राहतो. मूळ मुद्दा लिफ्टचा आहे.

नौपाड्यातली आमची 'शुभंकर' सोसायटी म्हणजे तळमजला आणि वर तीन मजले. मजल्यावर चार घरं, एकूण सोळा. आम्ही तिसऱ्यावर राहतो. मधे चौपन्न पायऱ्या आहेत आणि लिफ्ट नाही. घर माझ्या नावावर आहे, कारण शिक्षकांच्या यादीत माझा नंबर लागला होता. गेल्या जुलैत माझ्या गुडघ्यांनी संप पुकारला. ऑपरेशन करावं तर हृदय परवानगी देईना. डॉक्टर म्हणाले, "काकू, उतरताना गुडघे छळतील आणि चढताना हृदय. एक वेळ उतरा, पण पुन्हा चढायचं नाही." मी चौतीस वर्षं गणित शिकवलंय. पुन्हा चढायचं नाही म्हणजे उतरायचंच नाही, एवढं मला कळतं.

एकदा तपासणीसाठी चौघांनी मला खुर्चीत बसवून उचलून खाली नेलं आणि वर आणलं. दुसऱ्या मजल्यावरच्या वळणावर मी त्यांना तिथेच सांगून टाकलं, चौघांच्या खांद्यावरून माणसाने एकदाच जायचं असतं, माझी ती रंगीत तालीम झाली, आता पुरे. त्यानंतर मी घराबाहेर पाऊल टाकलं नाही. धाकटी बहीण नलू डोंबिवलीहून भेटायला आली, पण तिचेही गुडघे माझ्याच आईने दिलेले. ती खाली अंगणात उभी, मी वर खिडकीत. अर्धा तास ओरडून बोललो. नलूच्या पोटाच्या तक्रारी त्या दिवशी सोळाही घरांना तपशीलवार कळल्या. ती जाताना रडली आणि मला इथून तिचे डोळेही दिसले नाहीत, तेव्हा मात्र माझा जीव तुटला.

आता आमचे हे. त्र्यंबकराव बाळकुमच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. आयुष्यभर मोठी यंत्रं कागदावर लहान करत बसले. निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली तरी शर्टाच्या खिशात सहा इंची पट्टी असते. बोलणं मात्र मोजून. मी घरात अडकले तेव्हा रोज विचारायचे, "खाली काय चाललंय हो?" हे म्हणायचे, "चाललंय की." बाजारात काय होतं? "भाजी." तलावपाळीवर गर्दी होती का? "माणसं होती." अशा माणसाकडून बाहेरची बातमी काढणं म्हणजे दगडातून पाणी काढणं.

मग एक दिवस पार्सल आलं. मॉडेल रेल्वेच्या फलाटावर उभी करतात तसली प्लास्टिकची चिमुकली माणसं, एका पाकिटात शंभर. सगळी गोरी आणि टोपीवाली. "एकास सत्याऐंशी," हे म्हणाले. म्हणजे खऱ्या माणसाच्या सत्याऐंशीव्या भागाइतकी. ह्यांनी त्यातला एक निवडला, ब्लेडने त्याची टोपी तासली, अंगावर करड्या रंगाचा सफारी चढवला. एका हातात काळी बॅग, दुसरा हात खिशात. "हुबेहूब आमचे श्रीपाद साहेब," हे म्हणाले आणि कारखान्यातल्या जुन्या साहेबांचं नाव त्याला चिकटलं.

त्यानंतर माझं स्वयंपाकघर माझं राहिलं नाही. रव्याचं मैदान झालं, दालचिनीच्या वखारी झाल्या, साबुदाण्याच्या गारा पडल्या. मी शिरा करायला डबा उघडावा तर तळाशी एक वाट तुडवलेली. हे जमिनीवर पालथे पडून मोबाइल उलटा धरायचे, म्हणजे कॅमेऱ्याचं भिंग खाली येतं आणि श्रीपादच्या डोळ्यांच्या उंचीवर बसतं. फोटोत काहीही खोटं चालायचं नाही. कॉम्प्युटरवर नंतर फिरवाफिरवी तर मुळीच नाही. "जे समोर आहे तेच," हे म्हणायचे. समोर परात असायची, हा भाग वेगळा.

पहिला फोटो त्या परातीचाच होता. परातीत पाणी, काठाला कोथिंबीर, पिस्त्याच्या टरफलाची होडी, आणि कठड्याशी बॅग घेऊन श्रीपाद. मी पाहिला मात्र, माझ्या तोंडून निघालं, "अहो, ही तर तलावपाळी!" आम्ही दर शनिवारी बसायचो तोच कठडा. पुढे रोज एक फोटो यायला लागला, आणि सोसायटीच्या ग्रुपवरही जायला लागला. भेंड्यांच्या ढिगाऱ्यात श्रीपाद, म्हणजे भाजीबाजार. बिस्किटांच्या इमारतींमध्ये श्रीपाद, म्हणजे गोखले रोड. मला रवा वाया गेल्याचा राग यायचा आणि उद्या कुठे जाणार याची मी वाटही पाहायचे. दोन्ही खरं होतं.

एक गोष्ट मात्र मला लागली. बँकेला हयातीच्या दाखल्यासाठी माझा नवा फोटो हवा होता. म्हटलं, घरात एवढा फोटोग्राफर आहे. तर हे पट्टी काढून माझ्याकडे बघत म्हणाले, "तू माझ्या स्केलमध्ये बसत नाहीस." एकेचाळीस वर्षं संसार केला, आणि प्लास्टिकच्या श्रीपादचे शंभर फोटो, माझा एक नाही. तो फोटो शेवटी दुसऱ्या मजल्यावरच्या सलिलने काढला. त्यात माझी मान तिरकी आली. मी चार दिवस ह्यांच्याशी बोलले नाही. ह्यांना ते पाचव्या दिवशी कळलं.

आता सोसायटीच्या एका रिवाजाबद्दल सांगायला हवं. पूर्वी एकदा तळमजल्यावरचे मुकुलराव कारखानीस पाण्याच्या टाकीच्या ठरावाला हात वर करून बसले आणि आठवड्याने 'मी हात वर केलाच नव्हता, मी डोकं खाजवत होतो' म्हणाले. भांडण सहा महिने चाललं. शेवटी मुकुलरावांनीच नियम करून घेतला: मतदान हात वर करून, सगळ्यांचा फोटो काढायचा, तो इतिवृत्ताच्या वहीत चिकटवायचा, आणि फोटोत हात दिसेल तेच मत. तेव्हापासून आमच्या वहीत मजकूर कमी आणि काखाच जास्त आहेत. फोटो अर्थात ह्यांनीच काढायचे.

गेल्या ऑगस्टमधल्या वार्षिक सभेच्या तोंडावर जुने अध्यक्ष मुलाकडे राहायला गेले आणि खुर्ची रिकामी झाली. अध्यक्ष कोण होणार म्हटल्यावर प्रत्येक जण आपापल्या चपलांकडे बघू लागला. मी वरून खिडकीतून ऐकत होते. इतकी शांतता, की कारखानीसांच्या कढीपत्त्यावरची चिमणी ऐकू यायला लागली. घरोघरी चहा गार होत होता. तेवढ्यात सलिल म्हणाला, "मग श्रीपादला करा ना! रोज ग्रुपवर दिसतो, कुणाशी पंगा नाही, पार्किंगचा लफडा नाही." लोक हसले. मग हसायचे थांबले आणि विचार करायला लागले. कुणीतरी अनुमोदन दिलं, आणि हात वर झाले ते चहासाठी घरी जायच्या घाईत. सगळे वर. फोटो निघाला. वही लिहिणाऱ्या क्षिप्राने शांतपणे लिहिलं: 'श्री. श्रीपाद (त्र्यंबकराव यांचेकडील) यांची अध्यक्षपदी एकमताने निवड.'

मला वाटलं दोन दिवसांत विसरतील. पण श्रीपाद कामाला लागले. अध्यक्ष झाल्यावर एकेरीत कसं बोलायचं, म्हणून मीही 'लागले' म्हणते. अंगणातला नळ दोन वर्षं ठिबकत होता. ह्यांनी नळाखाली श्रीपादांना उभं केलं, डोक्यावर टपोरा थेंब लोंबतोय अशा बेताने फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. खाली एक ओळ: 'अध्यक्ष वाट पाहत आहेत.' संध्याकाळपर्यंत नळ दुरुस्त. जिन्यातल्या पानाच्या डागासमोर श्रीपाद नुसते उभे राहिले, तर तो डाग त्याच दिवशी तीन वेगवेगळ्या लोकांनी येऊन पुसला. आधीच्या अध्यक्षांना लोक उलट उत्तरं द्यायचे. श्रीपादांना काय देणार? खुद्द मुकुलराव, जे कुणाच्या घरी जात नाहीत, चौपन्न पायऱ्या चढून आमच्याकडे आले, टीव्हीशेजारी काडेपेटीत थाटलेल्या अध्यक्षांच्या कार्यालयासमोर बसले आणि स्कूटरच्या जागेची तक्रार अर्धा तास श्रीपादांना सांगून, "बरं वाटलं," म्हणून गेले. मी आणलेला चहा त्यांनी आधी अध्यक्षांपुढे धरला.

गणपतीत आरतीचा पहिला मान अध्यक्षांचा. ताट हातात कसं देणार, म्हणून त्यांनाच ताटात निरांजनाशेजारी ठेवलं. 'सुखकर्ता'च्या दुसऱ्या कडव्याला त्यांचा डावा पाय वितळायला लागला. तेव्हापासून ते जरा कलून उभे राहतात. दुसऱ्या मजल्यावरची रसिका म्हणाली, "श्रीपादकाका किती थकलेत ना!"

आणि मग लिफ्टचा ठराव आला. सहा वर्षं तो दर वर्षी येतो आणि पडतो. वरच्या दोन मजल्यांची आठ घरं हो म्हणतात, खालच्या दोन मजल्यांची आठ नाही. खालच्यांचं म्हणणं, आम्हाला लिफ्टचा काय उपयोग? मुकुलरावांचं आणखी एक म्हणणं, की लिफ्ट मागच्या बाजूला उभी राहणार म्हणजे त्यांच्या कढीपत्त्यावर येणार. तो कढीपत्ता त्यांच्या बायकोने लावलेला. ती गेल्याला पाच वर्षं झाली, म्हणून त्याबद्दल मी काही बोलत नाही. आठास आठ झाले की अध्यक्षांचं मत निर्णायक, आणि अध्यक्ष कायम खालचेच असायचे. या वेळी पहिल्यांदाच अध्यक्ष तिसऱ्या मजल्यावरचे होते. आमच्या टीव्हीशेजारचे.

पण बरोबरी व्हायला आठ हात हवेत, आणि घर माझ्या नावावर, म्हणून आठवा हात माझाच. मी म्हटलं, खिडकीतून हात वर करते. मुकुलराव खालून म्हणाले, "वहिनी, फोटोत तिसरा मजला येत नाही." सभा आमच्याकडे वर घ्या म्हटलं, तर तळमजल्याचं उत्तर: "आम्हाला चढायची सवय नाही." म्हणजे लिफ्ट हवी तर मला लिफ्टशिवाय खाली उतरायला हवं होतं. असलं गणित मी पोरांना कधी घातलं असतं तर पालक भांडायला आले असते.

रात्री जेवताना मी म्हटलं, "मी उतरणार."

हे भाताचा घास हातात धरून बसले. "आणि चढायचं?"

"ते मग बघू."

ह्यांनी पट्टी काढली, ताटाशेजारी ठेवली, पुन्हा खिशात घातली. ह्यांना भीती वाटली की असंच करतात. खरं सांगायचं तर मीही घाबरले होते, पण नलूचे न दिसलेले डोळे मला जास्त छळत होते.

फेब्रुवारीतल्या रविवारी सकाळी दहाला आम्ही निघालो. पुढे हे, एका हातात प्लास्टिकची खुर्ची, वरच्या खिशात श्रीपाद. मागे मी, कठडा धरून. दर सहा पायऱ्यांनी खुर्ची मांडायची, मी बसायचं, उठायचं. सलिल उचलून न्यायला आला तर मी त्याला हाकललं. एकेका पायरीला डोळ्यांसमोर काजवे चमकत होते. पहिल्या मजल्यावर ह्यांनी विचारलं, "थांबू या का?" मी म्हटलं, "आता थांबले तर एकाच मजल्याची लिफ्ट मागावी लागेल." पाऊण तासाने मी शेवटच्या पायरीवरून खाली उतरले. वरच्या मजल्यांनी टाळ्या वाजवल्या. रसिकाच्या डोळ्यांत पाणी आलं.

मुकुलरावही टाळ्या वाजवत उठले. "वा वहिनी! काय छान उतरलात! मग आता लिफ्ट कशाला?"

टाळ्या थांबल्या. आणि सांगायला लाज वाटते, पण दोन-चार माना डोलल्या. वरच्या मजल्याच्यासुद्धा! ज्या लिफ्टसाठी मी जीव धोक्यात घालून आले, ती नको असल्याचा पुरावा मीच झाले होते. माझ्या तोंडाला आलेलं सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. एवढंच म्हटलं, "मुकुलभावजी, बुडणारा माणूस काठाला लागला म्हणून नदीवरचा पूल रद्द करतात का?" मग मी जिन्याच्या तोंडाशीच खुर्चीत बसले. पुढे एक पाऊल टाकायची ताकद नव्हती.

मतदान झालं. ह्यांनी एका हाताने फोटो काढला, दुसरा हात माझ्या बाजूने वर करायचा नव्हता, कारण घर एक आणि मत एक. क्षिप्राने फोटोतले हात मोजले. आठ. विरुद्धचे मोजले. आठ. क्षिप्रा तळमजल्याची, तिचा हात विरुद्ध होता, पण मोजणीत बाई चोख. "अध्यक्षांचं मत निर्णायक," ती म्हणाली.

ह्यांनी श्रीपादांना खिशातून काढून अंगणाच्या फरशीवर उभं केलं. पंधरा माणसं गोल करून वाकली.

"हात वर नाही," मुकुलराव म्हणाले.

नव्हताच. एका हातात बॅग, दुसरा खिशात. सहा महिन्यांत कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं की आपले अध्यक्ष हात वर करूच शकत नाहीत.

"म्हणजे लिफ्टला विरोध," मुकुलराव म्हणाले. "नियम आहे. फोटोत हात दिसेल तेच मत."

"काका, एडिट मारू ना," सलिल म्हणाला. "दोन मिनिटांत हात लावून देतो, कुणाच्या बापाला कळणार नाही." ह्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने काढलेला मोबाइल परत खिशात टाकला.

रसिकाला पाकिटातला दुसरा माणूस आठवला, टॅक्सी थांबवायला हात वर केलेला. मुकुलराव ताडकन म्हणाले, "तो तोतया झाला! उद्या कुणीही हात वर केलेला माणूस आणून अध्यक्ष म्हणेल." याला मात्र सगळ्यांनी मान डोलावली.

"मग ह्याचाच हात कापून वर चिकटवा," सलिल म्हणाला. "टोपी नाही का तासलीत?"

"तेव्हा ते अध्यक्ष नव्हते," हे म्हणाले.

मग हे फरशीवर पालथे झाले. एकाहत्तर वर्षांचा माणूस, रविवारचा इस्त्रीचा शर्ट. मोबाइल उलटा करून भिंग फरशीला टेकवलं, श्रीपादांपासून चार बोटांवर. एक डोळा मिटला आणि हाक मारली, "वासंती, उजवा हात वर."

मी सतरा-अठरा फुटांवर, जिन्याच्या तोंडाशी. "कशाला?"

"कर ना. सरळ. बोटं मीट. आता खुर्ची जरा डावीकडे. जरा. थांब, जास्त झालं."

"अहो, मी काय सोफा आहे?"

"तू त्यांच्या मागे पूर्ण लपायला हवीस. फक्त हात दिसला पाहिजे." सलिलने माझी खुर्ची बोटभर सरकवली. हे पुटपुटले, "बसली. बरोबर एकास सत्याऐंशी." ते माझ्याबद्दल होतं हे मला नंतर समजलं.

फोटो हातोहात फिरला. मी पाहिला तेव्हा माझ्याही अंगावर काटा आला. करड्या सफारीतले श्रीपाद, जरा कललेले, पाय थकलेले, मागे अंगण, आणि त्यांच्या खांद्यातून वर गेलेला एक हात. जरा धूसर होता, पण ठाम होता. अख्खी मी त्या दोन सेंटिमीटरच्या माणसाआड मावले होते. माझ्या खुर्चीचे दोन पाय तेवढे अध्यक्षांच्या बगलेतून दिसत होते.

मुकुलरावांनी फोटो मोठा केला. अजून मोठा केला. "अध्यक्षांच्या हातात बांगडी आहे."

"तो त्यांचा खासगी प्रश्न आहे," क्षिप्रा म्हणाली.

"हा वहिनींचा हात आहे! त्यांचं मत एकदा झालंय!"

क्षिप्राने वही मागे उलटवली, टाकीच्या भांडणापर्यंत. "काका, तुमचाच नियम वाचते. 'फोटोत हात दिसेल तेच मत.' हात कुणाचा, हे लिहिलेलं नाही. फोटोत हात कुणाच्या खांद्यातून निघतोय, सांगा."

मुकुलरावांनी फोटो पुन्हा डोळ्यांजवळ नेला. सहा महिने ते त्या माणसाला नमस्कार करत होते, त्याला मनातलं सांगत होते. आता तो खोटा म्हणणं त्यांना जमेना. "अध्यक्षांच्या," ते हळूच म्हणाले. मग मागच्या बाजूला वळले. "पण कढीपत्ता तोडायचा नाही. उपटून मुळांसकट पुढे लावायचा."

"तेही लिहिते," क्षिप्रा म्हणाली.

लिफ्ट मंजूर झाली. पेढे आले, एक श्रीपादांपुढे ठेवला, त्यात ते गुडघ्यापर्यंत रुतले. लोक उठू लागले. आणि मग एकेक जण थबकून माझ्याकडे बघायला लागला, कारण मी बसले होते, आणि माझ्या मागे चौपन्न पायऱ्या होत्या.

"वहिनी," मुकुलरावांनी विचारलं, "आता वर कशा जाणार?"

"लिफ्टने," मी म्हटलं.

"अहो, लिफ्टला वर्ष लागेल!"

"असू दे. मी थांबते."

मी पदर खोचला आणि खुर्ची नीट करून बसले. खुर्ची बरोब्बर मुकुलरावांच्या दारासमोर होती, तो काही माझा दोष नाही. पाच मिनिटं गेली. क्षिप्राने चहा आणून दिला. दहा मिनिटांनी मुकुलराव घुटमळत म्हणाले, "आमची बाहेरची खोली तशी रिकामीच असते. हिच्या वेळची कॉटही आहे." आणि लगेच फोन काढून लिफ्टवाल्याला, रविवार असूनही, दटावायला लागले, "वर्ष वगैरे चालणार नाही! आमच्या घरात माणूस अडकलंय!" मी सलिलला म्हटलं, आधी डोंबिवलीला फोन लाव. नलूला म्हणावं, संध्याकाळी ये, एकही पायरी नाही.

हे माझ्या गोळ्या आणि शाल आणायला वर गेले. मी अंगणाच्या मधोमध खुर्ची मांडून घेतली. सात महिन्यांनी डोक्यावर छप्पर नव्हतं. फाटकाबाहेर रिक्षा गेली, शहाळेवाला गेला, एक बाई पोराला ओढत नेत होती, आणि सगळं मला उगाचच मोठं करून ठेवल्यासारखं वाटलं. शहाळं तर केवढं! ह्यांच्या फोटोत ते मटाराएवढं असतं.

गोळ्या आणायला किती वेळ, म्हणून मी वर पाहिलं. आमच्या खिडकीत हे उभे होते. हातात मोबाइल, आणि मोबाइलच्या पडद्यावर सहा इंची पट्टी लावून काहीतरी मोजत होते.

"अहो, काय करताय? गोळ्या आणा!" मी ओरडले.

"दोन सेंटिमीटर!" हे वरून ओरडले. एकेचाळीस वर्षांत ह्यांचा आवाज मी एवढा मोठा ऐकला नव्हता. सोळा घरांनी ऐकला. "वासंती, तू दोन सेंटिमीटर आलीस! बसतेस!"

मी खोचलेला पदर सोडून सारखा केला. रागच यायला हवा होता. माझ्याकडे बघायला ह्या माणसाला तिसऱ्या मजल्यावर जावं लागलं.

"आड कुणी नाही ना?" मी विचारलं.

"कुणी नाही. श्रीपाद खिशात आहेत. हलू नकोस. हात वर कर."

मी दोन्ही हात वर केले.